गावच्या पेठेचे जुने फोटो गोळा करायचे तर कसं करायचं, सांगलीच्या गणपती पेठेत केलं त्यावरून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा आयर्विन पुलाशी ५७ फुटांच्या वर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे बघा) तेव्हा आमच्या गणपती पेठेतल्या दुकानात पाणी शिरलं, आणि खालच्या फळीवर एक पत्र्याची ट्रंक होती ती पाण्यात गेली. माल गेला त्याचं दुःख झालंच पण माल परत भरता येतो. ट्रंकेत आजोबांच्या वेळचे साठ-पासष्ट फोटो होते, त्यातले बावीस वाचले. तेव्हापासून मी पेठेतले, हरभट रोडचे, मारुती रोडचे, कापड पेठेचे जुने फोटो घरोघर फिरून स्कॅन करतोय आणि लोक सारखं विचारतात की आमच्या गावचं करायचं तर कसं करू, म्हणून हे सगळं एकदाच लिहून काढतो. नदीकाठच्या कुठल्याही गावाला लागू पडेल, वाई असो, कराड, महाड, चिपळूण, नाशिकची सराफ बाजाराची बाजू असो.

फोटो असतात कुठे

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा, पेठेचा फोटो कोणी पेठेचा म्हणून काढलेलाच नसतो. फिल्मचा रोल महाग, बारा फोटो निघणार, त्यात रस्त्याचा फोटो कोण काढतंय? रस्ता असतो तो माणसांच्या मागे. म्हणून "जुन्या बाजारपेठेचे फोटो आहेत का" असं विचारलंत तर दहापैकी नऊ जण नाही म्हणणार आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना खरंच वाटतं की नाहीत. त्याऐवजी विचारा, लग्नाची वरात कुठून गेली होती, फोटो आहे का? दुकानाच्या उद्घाटनाला कोण आलं होतं? लक्ष्मीपूजनाला वह्यांसमोर बसून फोटो काढायचात का? गणपतीची मिरवणूक दारावरून जाते तेव्हा गच्चीतून कोणी काढलाय का? मुलाला पहिली सायकल घेतली तेव्हाचा? आणि पुराचे, हे सगळ्यात महत्त्वाचे, कारण पूर आला की ज्याच्याकडे कॅमेरा असेल तो बाहेर पडतोच आणि त्या एकाच वेळी रस्ता हाच फोटोचा विषय असतो.

असं विचारलं की अल्बम बाहेर येतात. मला हरभट रोडचा सगळ्यात चांगला फोटो एका मुंजीच्या भिक्षावळीच्या फोटोत मिळाला. बटूच्या मागे रस्त्याची पूर्ण एक बाजू, सहा दुकानं पाट्यांसकट.

घरांखेरीज मग फोटो स्टुडिओ, जुने असतील तर त्यांच्या माळ्यावर निगेटिव्हचे डबे असतात, मालक वारले असतील तर मुलांना भेटा आणि लवकर भेटा, कारण दुकान विकताना हे डबे सरळ भंगारात जातात. अडत दुकानांचे ऑफिस, सहकारी संस्थांचे वार्षिक अहवाल आणि रौप्यमहोत्सवी अंक, शाळांच्या स्मरणिका, गणेश मंडळांचे अंक, वाचनालय. जिल्ह्याचं गॅझेटियर (सरकारने काढलेला जिल्ह्याचा माहितीग्रंथ) जरूर बघा, सांगलीचं १९६९ चं आहे, त्यात फोटो थोडे पण पेठा, व्यापार, संस्था यांची माहिती भरपूर, पुढे ओळख पटवताना कामाला येते.

घरी गेल्यावर

फोटो घरी न्यायला मागू नका. मी सुरुवातीला मागायचो, आता अजिबात नाही. एका ओळखीच्या घरचे चार फोटो पूर्वी कोणीतरी "दोन दिवसांत देतो" म्हणून नेलेले, परत आलेच नाहीत, तेव्हापासून त्या आजी अल्बमला हात लावू देत नव्हत्या. आपण आपलं सामान घेऊन जायचं, त्यांच्यासमोर कॉपी करायची, तिथल्या तिथे परत द्यायचे, आणि आठवड्यात त्यांना पेनड्राइव्हवर किंवा प्रिंट काढून नेऊन द्यायचं. प्रिंट नेऊन दिली की शेजारचं घर आपोआप उघडतं.

सामान फार लागत नाही. फ्लॅटबेड स्कॅनर (साधा चालतो, फक्त निगेटिव्ह करायच्या असतील तर वरून लाइट असलेला लागतो), लॅपटॉप, हवा मारायचा रबरी ब्लोअर, मऊ ब्रश, सुती किंवा नायट्राइलचे हातमोजे, काळं कापड, पट्टी, मऊ पेन्सिल, वही. फोटो पुसायला ओलं फडकं, थुंकी, कॉलिन असलं काही नाही, कितीही धूळ असू दे. ब्लोअरने उडाली तेवढी उडाली.

अल्बममधून फोटो निघत नसेल तर ओढू नका. ते चिकट पानांचे अल्बम ज्याच्यावर प्लॅस्टिक असतं, ऐंशी-नव्वदच्या दशकात सगळ्यांनी घेतलेले, ते फोटोंचे वैरी आहेत. फोटोखालून दात साफ करायचा फ्लॉस हळूहळू करवतीसारखा सरकवला तर बऱ्याचदा सुटतो, नाही सुटला तर पान तसंच्या तसं स्कॅन करा. काचेला चिकटलेला फ्रेममधला फोटोही काचेसकटच कॉपी करायचा, उचकटला की चेहरा काचेवर राहतो. आणि कोणी म्हणालं की लॅमिनेट करून घेऊ, टिकेल, तर हात जोडून थांबवा. आमच्या घरातला पणजोबांचा एकमेव फोटो असाच लॅमिनेट केलेला आहे, आता आत पिवळा पडत चाललाय आणि काढता येत नाही.

स्कॅन

नेहमीच्या पोस्टकार्ड साइझच्या फोटोला ६०० डीपीआय (म्हणजे एका इंचात किती ठिपके, स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये निवडता येतं), त्याहून लहान असेल, दोन-अडीच इंचाचा चौकोनी वगैरे, तर १२००. १२० च्या मोठ्या निगेटिव्हला २४००, ३५ एमएमच्या बारीक निगेटिव्हला ३२००. फोटो ब्लॅक अँड व्हाइट असला तरी कलरमध्येच स्कॅन करा, कारण पिवळेपणा, शाईचे डाग, कागदाचा रंग हीसुद्धा माहिती आहे, पुढे तारीख काढताना लागते. सॉफ्टवेअरमधले ऑटो करेक्शन, धूळ काढा, शार्प करा, सगळं बंद. मूळ फाईल टिफमध्ये (तपशील न गमावणारा फाईलचा प्रकार) ठेवायची आणि तिला परत कधी हात लावायचा नाही, लोकांना पाठवायची ती वेगळी जेपेग. मोबाइलवरच्या ॲपनी चेहरे "स्वच्छ" करू नका, ते ॲप नवीन चेहरा बनवतं, पाटीवरची अक्षरंसुद्धा मनाने बनवतं.

मागची बाजूही स्कॅन करा. दर वेळी, कोरी दिसली तरी. स्टुडिओचा शिक्का, पेन्सिलीतला नंबर, "चि. बाळच्या मुंजीत" असलं एक वाक्य, कधी कधी पूर्ण फोटोपेक्षा मागचं जास्त सांगून जातं.

स्कॅनर नेणं शक्य नसेल तर मोबाइलने. खिडकीशी टेबल, सरळ ऊन नको, फ्लॅश बंद, फोटोखाली काळं कापड, कॅमेरा फोटोला अगदी समांतर, बाजूला पट्टी ठेवा म्हणजे साइझ कळते. काचेची फ्रेम असेल तर काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून त्यातून काढा, तुमचं आणि खिडकीचं प्रतिबिंब जातं.

निगेटिव्हबद्दल दोन सूचना. डबा उघडला आणि व्हिनेगरचा भपका आला तर ती फिल्म कुजायला लागलीय, ती आधी स्कॅन करायची आणि बाकीच्यांपासून लांब ठेवायची. फार जुनी, पन्नासच्या आधीची, कडेला सेफ्टी लिहिलेलं नसलेली फिल्म असेल तर ती नायट्रेटची असू शकते, ती भडकन पेट घेते, तिच्या जवळपास उदबत्ती-दिवा काही नको आणि स्कॅनरच्या गरम लाइटखाली ठेवायची नाही.

निगेटिव्ह उलटी स्कॅन झाली की रस्ता उलटा होतो आणि मग तासन्‌तास कळत नाही की हे दुकान इकडे कसं. पाटी वाचता आली तर प्रश्न नाही, नाहीतर साडीचा पदर कुठल्या खांद्यावर आहे ते बघा, शर्टाची बटणपट्टी बघा.

कधीचा आहे हे कसं काढायचं

हे मला सगळ्यात आवडतं त्यामुळे इथे जरा लांबण लागेल.

नियम एकच, फोटोत जी सगळ्यात नवी वस्तू दिसते ती ठरवते की फोटो त्याच्या आधीचा नाही. जुन्या वस्तूंवरून काही ठरत नाही. पाट्या वीस-वीस वर्षं तशाच लटकतात, टांगे स्कूटर आल्यावरही होतेच. म्हणून "टांगा आहे म्हणजे चाळीस सालचा" असं झटकन म्हणायचं नाही, कोपऱ्यात लुना उभी असेल तर फोटो १९७२ नंतरचाच.

पाट्यांपासून सुरू करा, भिंग घ्या किंवा स्क्रीनवर मोठं करा. आमच्याकडची सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे जिल्ह्याचं नाव. मार्च १९४८ मध्ये सांगली संस्थान विलीन झालं, १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये त्याचं नाव सांगली जिल्हा झालं. म्हणजे पाटीवर "जि. दक्षिण सातारा" दिसलं की ती पाटी त्या अकरा वर्षांत रंगवलेली, आणि "जि. सांगली" दिसलं की फोटो १९६० अखेरच्या आधीचा असूच शकत नाही. तुमच्या गावच्या अशा खुणा तुम्ही शोधा, प्रत्येक गावाला असतात, संस्थान कधी गेलं, तालुका कधी बदलला. आयर्विन पूल १९२९ चा, नदीच्या बाजूने काढलेल्या फोटोत पुलाची जागा दिसतेय आणि पूल नाही तर फोटो त्याच्या आधीचा. "नगरपालिका" जाऊन "महापालिका" झाली १९९८ मध्ये. सांगली बँक १९१६ ची, २००७ मध्ये आयसीआयसीआयमध्ये विलीन झाली, तर तिची पाटी शाखेवर झळकतेय म्हणजे साधारण त्याच्या आधीचा. "इंपिरियल बँक" असेल तर ती १९५५ मध्ये स्टेट बँक झाली.

मग देशभर चालणाऱ्या खुणा. पत्त्यात पिनकोड आहे? १९७२ नंतर. भावाच्या फळ्यावर "नये पैसे" लिहिलंय? १९५७ ते १९६४ च्या आसपास. भाव शेराने-मणाने आहे की किलोने, कारण मेट्रिक वजनं १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि ६२ पर्यंत व्यापारात सक्तीची झाली, हळदीच्या अडतीत तोंडी मण पुढे बरीच वर्षं चालला पण रंगवलेल्या बोर्डवर किलो आला. गाडीच्या नंबर प्लेटवर एमएच १० असेल तर १९८९ नंतर, त्याआधी तीन अक्षरांचे नंबर असायचे. मारुती ८०० दिसली तर १९८३ च्या अखेरनंतर. पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ ऐंशीच्या दशकाची अखेर किंवा नव्वद. टेलिफोन नंबर दोन आकडी, तीन आकडी, पाच, सहा असे वाढत गेलेत, एकाच दुकानाच्या जुन्या पावत्या मिळाल्या तर नंबर कधी बदलला ते साल मिळतं आणि मग त्या रस्त्यावरचे सगळे फोटो सुटतात.

निवडणुकीची भिंत दिसली तर सोनं समजा. काँग्रेसची बैलजोडी असेल तर १९६९ च्या फुटीच्या आधीची भिंत, गाय-वासरू असेल तर ७१ ते ७७, हात असेल तर १९७८ नंतर. जनसंघाची पणती, ७७ च्या जनता पक्षाचा नांगरधारी शेतकरी, हेही बघा. रंग उडालेला आहे का ताजा आहे त्यावरून महिन्यांपर्यंत अंदाज जातो. सिनेमाच्या पोस्टरवर मात्र फार विसंबू नका, आपल्याकडे पिक्चर उशिरा यायचे आणि जुने परत परत लागायचे, म्हणजे पोस्टरवरून "त्याच्या आधीचा नाही" एवढंच म्हणता येतं.

कागदही बोलतो. कडा दातेरी असतील तर बहुतेक चाळीस ते साठच्या दशकातला, चौकोनी लहान फोटो असेल तर १२० फिल्मचा बॉक्स कॅमेरा, रंगीत असून लालसर पडलेला असेल तर सत्तर-ऐंशीचा. निगेटिव्हच्या कडेला "इंदू" लिहिलेलं सापडलं तर ती उटीच्या सरकारी कारखान्याची फिल्म, १९६७ नंतरची.

आणि साल पक्कं नसेल तर पक्कं लिहू नका, "१९६० ते ६५" असं लिहा आणि का ते लिहा. एकदा चुकीचं साल व्हॉट्सॲपवर गेलं की ते मागे घेता येत नाही, मी घेऊन बघितलंय.

माणसांना विचारा, पण कसं

दुकान कुठलं, माणूस कोण हे शेवटी माणसंच सांगणार. नुसता फोटो दाखवून "हे कुठलं" विचारलं की लोक अंदाजाने काहीतरी सांगतात, नाही म्हणायला अवघड वाटतं त्यांना. मी ए४ वर मोठी प्रिंट काढून नेतो, मोबाइल नाही, म्हाताऱ्या माणसांना मोबाइलवर दिसत नाही आणि बोट लागलं की फोटो सरकतो. मग कामाचं विचारतो, तुमचं दुकान उघडलं की समोर कोण दिसायचं, चहा कुठून यायचा, गाडी कुठे लावायचे, हळदीची पोती कुठल्या बाजूने उतरायची. एका माणसाने सांगितलेलं दुसऱ्याला आधी सांगायचं नाही, दोघांचं जुळलं तर पक्कं.

एक प्रसंग सांगतो. पेठेतल्या एका फोटोत बंद दुकान होतं, पाटी नाही, फक्त फळ्या. पूर्वी शटर नव्हते, दाराच्या खाचेत एकापुढे एक उभ्या फळ्या सरकवायचे आणि कुठली कुठे बसते ते कळावं म्हणून त्यांच्यावर आकडे टाकलेले असायचे. अडतीत पन्नास वर्षं हमाली केलेल्या एका आजोबांना ती प्रिंट दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, कागद नाकाशी नेला आणि म्हणाले, "ह्यो सातचा आकडा बघ की, उलटा काढलाय. ही फळी मोडली हुती, मीच नवी आणून दिली, आन् आकडा बी मीच काढला. मला लिवाय येत नव्हतं तवा, शेठनी दाखीवलं तसा काढला, त्यो उलटाच पडला." मग दुकान कोणाचं, आत काय होतं, दिवाणजी कुठे बसायचे, पोती पेवातून म्हणजे हरिपूरच्या त्या जमिनीखालच्या हळदीच्या कोठारांतून कशी यायची, सगळं बाहेर आलं. मी तो फोटो वीस वेळा बघितला होता आणि सातच्या आकड्याकडे माझं लक्षच गेलं नव्हतं.

म्हणून बोलणं रेकॉर्ड करा, परवानगी घेऊन. आणि मालकांच्या बरोबरीने हमाल, शिंपी, पाणी भरणाऱ्या बायका, पेपरवाले यांना विचारा. मालकाला आपलं दुकान आठवतं, हमालाला अख्खी पेठ आठवते.

तोंडी जुळलं की कागदाशी जुळवून घ्या, सिटी सर्व्हेचा नंबर, प्रॉपर्टी कार्ड. दुकानाचं नाव बदलतं, भाडेकरू बदलतात, सर्व्हे नंबर सहसा तसाच राहतो, त्यामुळे माझ्या नोंदीत प्रत्येक इमारतीपुढे तो नंबर आहे.

नोंद

एक्सेलची साधी शीट पुरे. फोटोचा नंबर, जागा, साल किंवा सालांची रेंज, ते कशावरून, कोण दिसतंय डावीकडून उजवीकडे, फोटो कोणाच्या घरचा, काढला कोणी हे माहीत असेल तर, माहिती कोणी कधी सांगितली, आणि लोकांना दाखवायची परवानगी आहे का. फाईलचं नाव सरळ ठेवा, "सांगली-हरभटरोड-००४७" असं, "नवीन-फायनल-२" असं नको. मूळ फोटोवर लिहायचंच तर मागे, कडेला, मऊ पेन्सिलने हलक्या हाताने, बॉलपेनने लिहिलेलं पुढून उठतं. कॉपी तीन ठिकाणी, त्यातली एक गावाबाहेर, माझी एक हार्ड डिस्क पुण्याला बहिणीकडे असते.

परवानगीचं थोडक्यात. १९५८ च्या आधी भारतात काढलेल्या फोटोंचा कॉपीराइट साधारणपणे संपलेला असतो, नंतरच्यांना फोटोग्राफरचं किंवा पैसे देऊन काढून घेणाऱ्याचं विचारावं लागतं. पण कायदा काही म्हणो, ज्या घरचा फोटो त्या घराला विचारल्याशिवाय मी टाकत नाही, आणि घरचं कोणी "हा नको" म्हणालं तर कारण विचारत नाही.

परत त्याच जागेवरून

पन्नास-साठ फोटो झाले की एक दिवस प्रिंट घेऊन रस्त्यावर जा आणि त्याच जागेवरून फोटो काढा. जागा शोधायची युक्ती अशी, जुन्या फोटोत जवळची एक कड आणि लांबची एक कड धरा, उदाहरणार्थ जवळच्या गॅलरीचा कठडा आणि लांबचा देवळाचा कळस, त्या दोघांत जेवढं अंतर फोटोत दिसतंय तेवढं दिसेपर्यंत डावी-उजवीकडे सरका. मग पुढे-मागे. सावल्या बघून वेळही तीच पकडा. रविवारी पहाटे जा, इतर वेळी गाड्यांमुळे काही दिसत नाही. हे करताना पेठेतली माणसं जमतात, प्रिंट हातात घेतात आणि कोणीतरी म्हणतंच की थांबा, आमच्याकडे पण एक आहे.

भिजलेले फोटो

फोटो पाण्यात गेले तर आधी वाळवू नका. एकमेकांना चिकटून वाळले की संपले, आमचे असेच गेले, आम्ही घाईने उन्हात टाकले. स्वच्छ गार पाण्यात ठेवा, त्यातच हळूहळू सुटे करा, फोटोच्या चेहऱ्याच्या बाजूला बोट लावायचं नाही, गाळ पाण्यातच हलवून जाऊ द्या. मग सुती कापडावर, चेहरा वर करून, सावलीत पंख्याशिवाय वाळवा, किंवा प्लॅस्टिकच्या चिमट्याने कोपऱ्याला धरून दोरीवर. पाण्यात दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. तेवढ्यात करणं शक्य नसेल, आणि पुरात नसतंच शक्य, तर मधे बटर पेपर घालून झिप पिशवीत फ्रीझरमध्ये टाका, ज्याच्याकडे लाइट असेल त्याच्या फ्रीझरमध्ये. महिन्यांनी काढून सावकाश केलं तरी चालतं. काचेच्या निगेटिव्ह मात्र फ्रीझरमध्ये नाही. आणि वाळवायला सुरुवात करायच्या आधी, ओल्या अवस्थेतच मोबाइलने प्रत्येकाचा फोटो घ्या, नंतर काय राहील सांगता येत नाही.

त्या पुरात नगर वाचनालयाची हजारो पुस्तकं भिजली. चिपळूणच्या १८६४ पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरावर २००५ ला आणि २०२१ ला दोनदा हीच वेळ आली. नदीकाठी राहायचं तर पाणी येणार हे धरूनच चालायचं. आता आमचे फोटो पीव्हीसीच्या पाकिटांतून काढून ॲसिड नसलेल्या कागदात गुंडाळलेत आणि झाकणाच्या डब्यात माळ्यावर ठेवलेत. दुकानाच्या भिंतीवर २०१९ च्या पाण्याची रेघ मी तेलरंगाने ठळक करून घेतलीय, नव्याने येणाऱ्या कामगाराला पहिल्या दिवशी ती दाखवतो आणि सांगतो की कागद, वह्या, फोटो ह्या रेघेच्या दोन हात वर.